हाताच्या कोपऱ्यातून उडालेला ड्रोन

पंचकुल्यात खरा ड्रोन उडवायचा तर आधी सरकारी नकाशा बघावा लागतो. शेजारीच चंडीमंदिरला लष्कराच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय, आणि लाल क्षेत्रात केंद्राच्या परवानगीशिवाय काही उडवायची सोय नाही. तिथे राहणारा माझा भाचा मग ड्रोन जेवणाच्या टेबलावर उडवतो, कागद, पेन्सिल आणि फाशांच्या जोरावर. खेळ 'सायबरपंक', माइक पाँडस्मिथचा, १९८८ सालचा. भाच्याच्या पात्राच्या मनगटात एक प्लग आहे, मूळचा गाडी चालवायला बसवलेला. त्याच प्लगवर ड्रोन का चालू नये, यावरून पोरांची परवा जुंपली. नवीन यंत्र बसवायचं तर पैसे जातातच, वर माणुसकीचे गुणही कापले जातात!

मी भाच्याच्या बाजूने आहे, कारण एका कामाचा प्लग दुसऱ्या कामाला लागतो हे प्रत्यक्षात घडलंय.

अमेरिकेत एका माणसाला मानेच्या मणक्याला इजा होऊन हातपाय हलवता येईनासे झाले. २०१६ साली त्याच्या मेंदूत दोन चिमुकल्या पट्ट्या बसवल्या. एकेक पट्टी जेमतेम चार मिलिमीटर लांब-रुंद, तिच्यावर केसासारख्या बारीक ९६ सुया. जागा नेमकी निवडलेली: हाताच्या हालचाली जिथून सुटतात तो मेंदूचा कोपरा. तारा कवटीवरच्या जोडणीतून बाहेर येतात. म्हणजे प्लग खरोखरच डोक्यात.

२०२१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जाहीर केलं की हा माणूस मनातल्या मनात पेनाने लिहितो आणि पडद्यावर मिनिटाला ९० अक्षरं उमटतात. मग २०२५च्या जानेवारीत 'नेचर मेडिसिन'मध्ये मॅथ्यू विल्सी आणि सहकाऱ्यांचा लेख आला. माणूस तोच, सुयाही त्याच, आणि तो आता पडद्यावरचा ड्रोन कड्यांमधून उडवत होता. नवी शस्त्रक्रिया नाही. बदललं होतं ते संगणकातलं गणित.

ते जमतं कसं? पडद्यावर एक हात दिसतो, त्याची बोटं हलतात. माणूस आपलीही बोटं तशीच हलवायचा प्रयत्न करतो. बोटं ढिम्म, पण सुयांजवळच्या पेशी कडाडतात, आणि कुठल्या कडकडाटामागे कुठलं बोट हे संगणक शिकून घेतो. बोटांचे गट तीन: अंगठा, तर्जनी-मधलं, अनामिका-करंगळी. अंगठा दोन दिशांना, बाकीचे एकेका. झाल्या चार हालचाली, आणि ड्रोनला लागतात त्याही चारच: वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि जागच्या जागी वळणं.

मला थक्क करतं ते वेगळंच. हात वर्षानुवर्षं निपचित पडलेला असूनही मेंदूचा तो कोपरा प्रत्येक बोटाचा हिशोब अजून सांभाळून आहे. सुयांना गाडी कळत नाही, अक्षर कळत नाही, ड्रोन तर नाहीच. त्या फक्त त्या कोपऱ्याला कान लावून बसतात.

अशाच सुया मेंदूत बसवलेल्या जॅन शॉयरमन या बाईंनी तर बोटांचाही आडपडदा ठेवला नाही. त्यांच्या मेंदूतली यंत्रणा यांत्रिक हातासाठी बसवलेली, पण तिच्यावरून त्यांनी एफ-३५ या लढाऊ विमानाचा सिम्युलेटर उडवला. तोही हाताचा विचार न करता, थेट विमानाचाच विचार करून.

खेळातल्या माणुसकीच्या गुणांचं मात्र मला पटत नाही. उडायची हौस त्या ड्रोनवाल्या माणसाला आधीपासून होती, आणि ड्रोन हवा हे संशोधकांना त्यानेच सुचवलं होतं.