जुनी जीप, घरचे हात – भाग ६ : रंग ठरतो खरवडताना

गेल्या आठवड्यात आपण मडगार्डचा कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडला. डेंटिंग संपलं तेव्हा आमच्या खळ्यात उभी असलेली जीप गोधडीसारखी दिसत होती : एक ठिगळ चकचकीत, एक गंजलेलं, एक पुट्टीचं. गाडी अशी दिसू लागली की येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो, ‘कलर कुठला मारणार?’ आणि उत्तराची वाट न बघता सांगून मोकळा होतो, ‘मिलिटरीच मार. जीपला तोच शोभतो.’

शोभतो, पण चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे. तुमची गाडी लष्कराच्या लिलावातून आलेली असली, तरी ती तुमच्या नावावर झाल्यावर हा रंग तिच्यावर ठेवता येत नाही. दुसरी गोष्ट आरसी बुकाची. त्यात गाडीच्या रंगाची नोंद असते. वेगळा रंग द्यायचा तर तो बदल आरटीओत नोंदवावा लागतो, आणि गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची संमतीही लागते. म्हणून रंगाचं दुकान गाठण्याआधी कपाटातलं आरसी बुक काढा.

मी काढलं आणि चक्रावलो. आमची जीप १९७२ सालची सीजे-थ्रीबी, म्हणजे उंच बॉनेटवाली. हे मॉडेल अमेरिकेत विलिसने १९५३ साली आणलं. त्याचं नवं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. पुढे महिंद्रने परवान्यावर हीच गाडी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. मी घेतली तेव्हा आमची गाडी मरून होती. आरसी बुकात मात्र रंग लिहिला होता : ग्रे.

खरं-खोटं करायला गाडीलाच विचारायचं ठरवलं. याची रीत सोपी आहे. जिथे ऊन आणि पेंटरचा हात दोन्ही क्वचित पोचतात अशी जागा शोधा : डॅशबोर्डची मागची बाजू, सीटखालचा पत्रा, कंपनीच्या पट्टीच्या खालचा चौकोन. तिथे ३२०चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून एकाच जागी हलक्या हाताने गोल गोल फिरवा. मध्यभागी पत्रा दिसेपर्यंत घासलं की त्याभोवती एकेका थराचं कडं उमटतं, झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारखं. माझ्या डॅशबोर्डामागे रुपयाएवढी खिडकी तयार झाली. बाहेरून आत मरून, त्याखाली पांढरा, मग पिवळट क्रीम, आणि सगळ्यांत तळाशी निळसर झाक असलेला राखाडी. आरसी बुक खरं बोलत होतं. मधल्या मालकांनी रंग बदलले, नोंद कुणीच केली नव्हती. म्हणजे मूळ रंगावर परतलो तर कागदावर काहीच बदलावं लागणार नव्हतं.

घासताना एक पथ्य पाळा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासू नका, पाणी मारूनच घासा. तोंडाला मास्क बांधा, पोरांना लांब ठेवा, आणि तो गाळ परसातल्या अळवात ओतू नका.

कागदाची सोय सोडली, तरी राखाडीच्या बाजूने आणखी एक कारण होतं, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं : घरी रंगवायच्या गाडीला, ओरखडा पडल्यावर घरीच भरून काढता येईल असा रंग निवडावा. जीप काय शोकेसमध्ये राहणार नाही. ती करवंदीच्या जाळ्यांतून जाणार, जांभ्या दगडाला घासणार. मेटॅलिक रंग इथे बाद होतो. त्यातल्या चमकीचे कण फवाऱ्यात एका दिशेने बसतात आणि ब्रशच्या हाताखाली वेगळेच बसतात, त्यामुळे केलेली डागडुजी लांबून ओळखू येते. झगझगीत लाल आणि पिवळा बऱ्याचदा अंगचेच पारदर्शक, खालचं झाकायला जास्त हात मागतात, आणि त्यांतले बरेच उन्हात विटतात. काळा रंग पत्र्यातली प्रत्येक लाट आरशासारखी दाखवतो, वर तापतोही. राखाडी म्हणजे पांढऱ्यात काळा. दोन्ही डबे तालुक्याच्या बाजारात मिळतात, दोन्ही उन्हाला टिकतात, आणि मिश्रण पुन्हा जमवता येतं.

चाकांसाठी मात्र मला थोडी हौस होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर विलिसने १९४५मध्ये सीजे-टूए ही पहिली नागरी जीप शेतकऱ्याला विकायला काढली. तिच्या सुरुवातीच्या रंगांची नावंसुद्धा शेतातली : कुरणाचा हिरवा आणि सुगीचा तपकिरी. हिरव्या गाडीला पिवळी चाकं, तपकिरीला लाल. गाडी एका रंगाची आणि चाकं दुसऱ्या, ही पद्धत मला आवडली. मी चाकांना काव निवडली.

काव म्हणजे आपल्या जुन्या घरांच्या भिंतींवरची, गोव्या-कोकणातल्या देवळांवर कावीची नक्षी जिच्यात काढतात ती. ती आहे लोहाचा ऑक्साइड, म्हणजे आधीच पूर्ण गंजून झालेलं लोखंड. तिचं आणखी काय बिघडणार? म्हणूनच तो तांबडा पिढ्यान्‌पिढ्या विटत नाही. पत्र्याला पहिला हात मारतात त्या रेड ऑक्साइड प्रायमरमध्ये हाच ऑक्साइड असतो. पण त्याने गंज थांबतो असं समजू नका. थर सलग बसला, तरच पाणी आणि हवा पत्र्यापासून दूर राहतात. जिवंत गंजावर प्रायमर मारला तर गंज आतून वाढतो आणि वर्षभरात पोपडे धरतात.

हा धडा मला गावातल्या पेंटरकाकांनी दिला. मी शेडकार्ड घेऊन गेलो, तर त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘‘आधी गंज काढ, मगे रंगाचा बघूया.’’ तेव्हा क्रम असा : खरखरीत ८०च्या पॉलिश पेपरने आणि तारेच्या ब्रशने गंज काढणं, थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसणं, त्याच दिवशी प्रायमर, खड्ड्यांत पुट्टी, पुट्टीवर १२० ते १८०, पुन्हा प्रायमर, आणि शेवटी ४००चा वॉटर पेपर. निम्म्याहून जास्त दिवस इथेच जातात. जायलाच हवेत.

माझी चूक यापुढची. भाड्याने कॉम्प्रेसर आणला आणि ऑक्टोबरात, पाऊस नुकता सरलेला असताना, एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग फवारला. एनसीचा थिनर झपाट्याने उडतो. उडताना पत्रा गार करतो, आणि दमट हवेतलं पाणी त्या गार, ओल्या थरावर धरतं. दहा मिनिटांत माझ्या मडगार्डवर ताकासारखी पांढरट साय आली. सगळं घासून काढलं. पीयू (पॉलियुरेथेन) रंग फवारायचा विचारही मनात होता, तो काकांनी मोडून काढला, आणि ते बरोबरच होतं. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साध्या मास्कने तो अडत नाही. ते काम बूथमध्ये, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लावूनच करायचं.

उरला सिंथेटिक एनामेल, रोलर आणि ब्रश. एनामेलवर एनसी मात्र कधी मारू नका : त्याच्या थिनरने खालचा थर उकळल्यासारखा सुरकुततो.

डिसेंबरात पुन्हा सुरुवात केली. पांढऱ्यात काळा थेंबाथेंबाने घातला. उलट केलंत तर पांढऱ्याचे डबेच्या डबे रिकामे होतील. मिश्रणाचा पट्टा भंगार पत्र्यावर ओढून, वाळल्यावर सकाळी, दुपारी आणि ट्यूबलाइटखाली पाहिला. मग पूर्ण गाडीला पुरेल एवढा रंग एकाच बादलीत एकत्र केला. साधारण एका लिटरमध्ये दहा-बारा चौरस मीटरला एक हात बसतो, त्यावरून हिशोब करा.

वेळ निवडली दव उडून गेल्यावरची, सकाळी दहानंतर, मांडवाच्या सावलीत. पत्रा ओल्या फडक्याने पुसायचा. पाव तासात वाळला तर हवा रंगाच्या कामाची. चार इंची फोमच्या रोलरने दोन हात रुंदीचा पट्टा पातळ लावायचा आणि लगेच मऊ ब्रशचं नुसतं टोक, जवळजवळ वजन न देता, एकाच दिशेने ओढायचं. रोलरचे बुडबुडे फुटतात, ब्रशच्या रेषा स्वतःच मिटतात. मिटायच्या आत पुन्हा हात लावायचा मोह आवरा, रेषा तिथेच कायमच्या बसतात. एनामेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून जाड थराला वरून साय धरते आणि आतला रंग ओलाच राहतो. तीन पातळ हात द्या, दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या आणि प्रत्येक वेळी हलका वॉटर पेपर मारा. पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागतात. तोवर गाडी धुताना जपा.

उरलेला रंग मी लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरला, म्हणजे आत हवा उरत नाही आणि साय धरत नाही. झाकणावर तारीख लिहिली.

महिन्याभरात फणसाच्या फांदीने बॉनेटवर वीतभर ओरखडा काढला. मी पाव तास घासलं, बाटली हलवली, ब्रशचं टोक ओढलं. दुसऱ्या दिवशी काका चहाला आले. बॉनेटवरून हात फिरवत गेले, आणि त्यांचा हात कुठेही थांबला नाही.

(पुढच्या आठवड्यात : वायरिंग – उंदरांनी ठेवलेलं आणि उंदरांनी नेलेलं.)