तरुणांपुढें शुभवर्तमान : सोलापूरचा अनुभव

सोलापूर शहरांत एका गल्लींत मराठी कानीं पडते, दुसरींत कानडी, विणकरांच्या पेठेंत तेलुगू आणि बाजारांत उर्दू. अशा शहरांत तरुणांना कांहीं सांगावयाचें तर 'काय सांगावें' या प्रश्नाच्या आधीं 'कोणत्या भाषेंत आणि कोणत्या नात्यानें सांगावें' हा प्रश्न उभा राहतो. ख्रिस्ती संदेश तरुणांपर्यंत नेण्याचें काम येथें दीडशेंहून अधिक वर्षें चालत आलें आहे. त्याची हकीकत एकट्या ख्रिस्ती समाजाच्याच उपयोगाची आहे असें नाहीं. आपली श्रद्धा पुढच्या पिढीच्या हातीं कशी द्यावी, ही चिंता ज्या ज्या घरांत आहे त्या प्रत्येक घराला तींत विचार करण्याजोगें कांहीं सांपडेल.

प्रथम मूळ शब्दाचा अर्थ पाहणें बरें. ख्रिस्ती लोक आपल्या संदेशाला शुभवर्तमान म्हणतात. वर्तमान म्हणजे बातमी. उपदेश सांगतो 'असें कर'; बातमी सांगते 'असें घडलें आहे'. ईश्वर पित्यासारखा आहे, त्याची प्रीति येशूच्या जीवनांत, मरणांत व पुनरुत्थानांत प्रगट झाली आणि पश्चात्तापानें परतणाऱ्याला क्षमेचें दार उघडें आहे, ही ती बातमी. तरुणांत काम करणाऱ्यांची पहिली चूक येथेंच होते. बातमी बाजूला राहते आणि 'हें करूं नका, तेथें जाऊं नका' एवढेंच शिल्लक उरतें. निषेधांची यादी ऐकावयास तरुण येत नाहींत, यांत नवल कसलें?

या कामाची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस आले. १८३१ मध्यें अहमदनगर हें मिशनचें ठाणें झालें आणि तेथूनच १८४२ मध्यें 'ज्ञानोदय' हें नियतकालिक निघूं लागलें. १८६० सालीं आगगाडी सोलापुरास पोंचली व त्यानंतर लवकरच मिशनचें कामही येथें सुरू झालें. रंगभवनाजवळचें फर्स्ट चर्च आणि मेरी बी. हार्डिंग यांच्या नांवाशीं जोडलेली बालशिक्षणाची परंपरा, हीं त्या कामाचीं परिचित स्मारकें होत.

बालशिक्षणाचा उल्लेख येथें मुद्दाम केला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं, बहुतेक शाळांत छडी आणि घोकंपट्टी यांचें राज्य असतां, फ्रेबेलच्या पद्धतीचा बालवर्ग सोलापुरांत चालूं झाला. खेळ, गाणीं, ठोकळे आणि बागकाम यांतून मूल शिकतें, हें त्या पद्धतीचें सूत्र. १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेलीं पुष्कळ मुलें मिशनच्या आश्रयास आलीं होतीं. अशा मुलाला 'ईश्वर पिता आहे' हें नुसतें वाक्य पाठ करावयास लावून काय साधणार? ज्याला पित्याचा हातच ठाऊक नाहीं त्याला पिता या शब्दाचा अर्थ कळण्यासाठीं आधीं कोणीतरी मायेनें हात धरावा लागतो. शब्दाच्या आधीं अनुभव, हा या कामाचा पहिला नियम होय.

दुसरा नियम वेळेचा. १७८० सालीं इंग्लंडांतील ग्लॉस्टर गांवीं रॉबर्ट रेक्स यांनीं रविवारच्या शाळा सुरू केल्या, त्या मुख्यतः आठवडाभर मजुरी करणाऱ्या गरीब मुलांसाठीं. वाचावयास शिकण्याला त्यांना दुसरा दिवसच नव्हता. सोलापुरांत १८७७ सालीं पहिली कापडगिरणी स्थापन झाली, तेव्हां गिरणींत मुलांनीं काम करणें हें सर्रास होतें. १८८१ च्या कारखाना कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची बंदी केली, यावरूनच तेव्हांची स्थिति समजावी. अशा वस्तींत शब्बाथशाळेचा शिक्षक मुलांच्या सुटीच्या दिवशीं त्यांच्या वस्तींत जाई तेव्हांच त्याचें बोलणें ऐकलें जाई. ऐकणाऱ्याची सवड पाहणें हाही प्रीतीचाच एक भाग आहे.

तिसरा नियम भाषेचा आणि रीतीचा. परकीय चालींवरचीं गीतें मराठी मुलाच्या ओठावर फार काळ टिकत नाहींत, हें मिशनच्या मंडळींना हळूहळू उमगलें. कीर्तनाची देशी रीत ख्रिस्ती कथेसाठीं वापरण्यास अहमदनगरकडील मंडळींनीं आरंभ केला आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं त्या प्रवाहाला वैभव आणलें. टिळकांच्या स्वतःच्या परिवर्तनाची हकीकत या विषयाला फार उपयोगी आहे. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका अपरिचित युरोपीय गृहस्थाशीं त्यांची गांठ पडली. काव्यावर, धर्मावर गोष्टी झाल्या. निघतांना त्या गृहस्थानें नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातीं ठेवली. पुढें वाचतां वाचतां डोंगरावरील प्रवचनानें टिळकांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. यांत ध्यानांत घेण्याजोगें असें कीं, त्या प्रवाशानें वादांत त्यांना जिंकलें नाहीं. त्यानें समोरच्या माणसाच्या आवडीचा विषय काढला, पुस्तक हातीं दिलें आणि निर्णय वाचणाऱ्यावर सोपविला.

चौथा नियम जबाबदारीचा. १८४४ सालीं लंडनमध्यें जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानांतील तरुण नोकरानें आपल्या सोबत्यांसह तरुण ख्रिस्ती मंडळ स्थापिलें. १८८१ मध्यें अमेरिकेंतील पोर्टलंड येथें फ्रान्सिस क्लार्क या पाळकानें 'ख्रिस्ती प्रयत्न मंडळी' सुरू केली. पुढें या दोन्ही चळवळी हिंदुस्थानांतही पसरल्या. तरुणांना श्रोते म्हणून बसवून न ठेवतां प्रार्थना चालविणें, आजाऱ्यांस भेटणें, हिशेब ठेवणें हीं कामें त्यांच्यावरच सोंपवावीं, ही क्लार्क यांची कल्पना होती. जो तरुण स्वतः दुसऱ्याला कांहीं समजावून सांगतो त्याला तें आधीं स्वतःला समजून घ्यावें लागतें. शाळामास्तरांनाही हा अनुभव नवा नाहीं.

येथपर्यंतची हकीकत समाधानाची आहे. परंतु या विषयाची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तरुण मन लवकर विरघळतें, म्हणून त्याच्यापुढें धर्म मांडणाऱ्यावर मोठी जोखीम असते. १८४३ सालीं मुंबईंत श्रीपत शेषाद्रि या सुमारें बारा वर्षांच्या मुलाचें प्रकरण न्यायालयांत गेलें. न्यायालयानें त्याला मिशनऱ्यांकडून काढून पित्याच्या स्वाधीन केलें. पुढें त्याला जातींत परत घेण्यासाठीं बाळशास्त्री जांभेकर यांनीं खटपट केली व शहरांत मोठें वादळ उठलें. अर्ध्या शतकानें, १८९३ मध्यें, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांतील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यास असाच क्षोभ झाला. सल्लागार मंडळांतील रानडे, भांडारकर प्रभृति बाजूस झाले आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, आपण कोणास बोलावीत नाहीं, पण दारही लावून घेत नाहीं. पालकांचें म्हणणें असें कीं, आश्रयाला असलेल्या मुलीला उघडें दार हेंच बोलावणें वाटतें. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतें, आणि म्हणूनच तो प्रश्न अवघड होता.

सोलापुरांतही या प्रश्नाचें एक कठोर रूप दिसलें. १८७१ पासूनच्या कायद्यांनीं 'गुन्हेगार' ठरविलेल्या जमातींची येथें तारेच्या कुंपणांतील वसाहत होती. 'सेटलमेंट' हें नांव शहरांत अजूनही चालतें. कांहीं काळ तिची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. तेथें शिक्षण मिळालें, औषधपाणी मिळालें, हें खरें. परंतु जेथें हजेरी घेणारी आणि प्रार्थना सांगणारी संस्था एकच, तेथें प्रार्थनेला आलेला मुलगा मनानें आला कीं हजेरीच्या भीतीनें, हें कोणीं ओळखावें? स्वातंत्र्यानंतर, १९५२ सालीं, तो कायदा रद्द झाला. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानें मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळांतील धर्मशिक्षण विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवर ठेवलें आहे. हें बंधन शुभवर्तमानाच्या आड येतें असें कोणास वाटेल. वास्तविक तें त्याचें रक्षण करतें. दडपणानें दिलेला होकार हा होकारच नव्हे, आणि प्रीतीची बातमी भीतीच्या हातून पोंचविली तर ती वाटेंतच मरते.

आज प्रश्नाचें तोंड बदललें आहे. पाळकांपुढें व युवक मंडळांच्या चालकांपुढें आज बहुधा बसतात तीं ख्रिस्ती घरांतच जन्मलेलीं मुलें. त्यांना धर्म आडनांवाबरोबर मिळालेला असतो. शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं तीं पुण्यामुंबईस जातात आणि तेथें प्रथमच कोणी विचारतो, 'तुम्ही हें कां मानतां?' पाठ केलेलीं उत्तरें तेथें अपुरीं पडतात. लूकच्या शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राची गोष्ट अशा वेळीं नव्यानें सांगावी लागते. घर सोडणाऱ्या धाकट्या मुलाकडे बोट दाखवून ती सांगितली तर ती धमकी होते. दूर असतांनाच त्याला ओळखून धांवत जाणाऱ्या बापाकडे बोट दाखवून सांगितली तर ती बातमी होते. आणि घरांतच राहून मनानें दूर गेलेला थोरला मुलगा त्या गोष्टींत आहे, हें वडीलधाऱ्यांनीं विसरूं नये.

शंका विचारणाऱ्या तरुणाला दटावूं नये, आणि त्याच्या शंकेचें उत्तर ठाऊक नसेल तर तसें मोकळेपणीं सांगावें. त्यानें चर्च कमी आणि मागवरच्या कामगाराची संगत अधिक धरली तर तेंही उपासनेचेंच एक अंग असूं शकेल, एवढा धीर धरावा. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही अंगांनीं दिसते. विणतांना झालेली चूक उलट बाजूस लपवितां येत नाहीं. तरुणांची नजर तशीच असते. व्यासपीठावरचें भाषण आणि घरांतलें वर्तन, दोन्ही बाजू तीं पाहतात. त्या जुळल्या तर थोडे शब्द पुरतात. न जुळल्या तर कितीही शब्द वाढविले तरी तरुणांचा विश्वास बसत नाहीं.