घरातील बिनतारी जाळे : ओळख, जोडणी आणि किल्ली

ज्ञान घरापर्यंत आणणारी साधने काळागणिक बदलत आली आहेत. एके काळी वस्तीतील वाचनालयात येणारे एकच वर्तमानपत्र दहा जण वाचत; पुढे आकाशवाणी आली, दूरचित्रवाणी आली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आज शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी' या शासकीय संकेतस्थळावर भरावा लागतो, परीक्षेचे प्रवेशपत्र संगणकावर येते आणि निकालही तेथेच लागतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन व भाषणांचे खंड मिळविण्यासाठी पूर्वी ग्रंथालये पालथी घालावी लागत. आता ते घरबसल्या विनामूल्य वाचता येतात.

आपले विद्यार्थी सुटीत घरी जातात, तेव्हा या सर्व गोष्टी भिंतीवर टांगलेल्या एका लहानशा पेटीवर अवलंबून असतात. तिला आपण राऊटर म्हणतो. सेवा देणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ येतो, अर्ध्या तासात ती बसवितो आणि निघून जातो. पेटी घरात राहते. तिच्याविषयीचे ज्ञान मात्र त्याच्याबरोबर जाते. माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी हे ज्ञान सोप्या शब्दांत मांडावे, एवढाच आमचा या लेखामागील हेतू आहे.

हक्क मिळणे आणि वापरता येणे

केरळमधील कोळीकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मोबाईल वापरण्यास बंदी होती. एका विद्यार्थिनीने हा नियम मानण्यास नकार दिला, तिला वसतिगृहातून काढण्यात आले आणि ती न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा दिला व तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. निवासी शाळेशी नाते असलेल्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा, असे आम्हांस वाटते.

तथापि हक्क घोषित होणे आणि तो हाती येणे यांत अंतर असते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणी जाणत नसेल. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरीही ते पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले, आणि न्यायालयातील लढा १९३७ पर्यंत चालला. त्या संग्रामाची बरोबरी घरातल्या वाय-फायशी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. कागदावरील हक्क वापरण्यासाठी माणसाला स्वतः पुढे व्हावे लागते, एवढाच बोध आम्ही येथे घेत आहोत. घरात तार आली, दरमहा पैसेही भरले. परंतु पेटीची किल्ली, म्हणजे तिचा पासवर्ड, परक्याच्या हाती असेल, तर ती सोय पूर्णपणे आपली झाली असे म्हणता येत नाही.

पेटीच्या आत काय चालते ?

राऊटरचे कार्य समजण्यासाठी आपल्या वसतिगृहाचाच दृष्टान्त घेऊ. टपाल खात्याच्या लेखी संपूर्ण वसतिगृहाचा पत्ता एकच असतो. आत मात्र प्रत्येक मुलाच्या खोलीचा व खाटेचा क्रमांक निराळा असतो. पत्रे एका पत्त्यावर येतात आणि अधीक्षक ती ज्याची त्याला वाटतात. राऊटर हा असाच अधीक्षक होय. बाहेरच्या जगाला आपल्या घराचा बहुधा एकच पत्ता दिसतो; आतील मोबाईल, संगणक आणि दूरचित्रवाणी संच यांना राऊटर आपले अंतर्गत क्रमांक देतो.

या क्रमांकास आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचे असे सुमारे ४२९ कोटी पत्तेच तयार होऊ शकतात आणि जगातील उपकरणांना ते पुरत नाहीत. म्हणून काही पत्ते केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. ते लाखो घरांत एकाच वेळी वापरले जातात आणि तरीही गोंधळ होत नाही. जसे प्रत्येक वसतिगृहात 'खोली क्रमांक ५' असते.

संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आणखी तीन शब्द आढळतात. 'गेटवे' म्हणजे फाटक. बाहेर जाणारा प्रत्येक निरोप ज्यातून जातो, त्या राऊटरचा पत्ता. 'सबनेट मास्क' हे वसतिगृहाचे कुंपण. कोणते पत्ते आतले व कोणते बाहेरचे, हे त्यावरून कळते. 'डीएनएस' ही नावांची नोंदवही. आपण संकेतस्थळाचे नाव टंकित करतो आणि ही वही त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देते. नव्याने आलेल्या उपकरणास ही सारी माहिती राऊटर आपणहून पुरवितो. त्या व्यवस्थेचे नाव 'डीएचसीपी'. म्हणून संगणकात पत्ता 'आपोआप मिळवा' हाच पर्याय ठेवावा. कोणी हाताने आकडे भरून ठेवले असतील, तर तो संगणक दुसऱ्या घरी नेल्यावर अडतो.

जोडणी आणि जागा

प्रकाशतंतूची बारीक तार घरात येते, ती प्रथम एका पेटीत जाते. कित्येकदा तीच पेटी राऊटरचेही काम करते. काही ठिकाणी दोन स्वतंत्र पेट्या असतात. दोन असल्यास पहिल्या पेटीतून निघणारी जाड तार राऊटरच्या 'वॅन' लिहिलेल्या, बहुधा निराळ्या रंगाच्या खाचेत घालावी. उरलेल्या 'लॅन' खाचा घरातील संगणकासाठी असतात. काही कंपन्या ग्राहकास एक वापरकर्ता-नाम आणि पासवर्ड देतात. तो राऊटरमध्ये भरल्याशिवाय सेवा सुरू होत नाही. ही जोडी तंत्रज्ञाकडून मागून घ्यावी व घरातील वहीत लिहून ठेवावी.

राऊटर शक्यतो घराच्या मध्यभागी, छातीपेक्षा उंच जागी ठेवावा. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, पत्र्याची भिंत आणि मायक्रोवेव्ह शेगडी यांपासून तो दूर असावा. धातू लहरी परतवितो आणि पाणी त्या शोषून घेते. बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर जाते व भिंती ओलांडते, पण तिचा वेग कमी असतो आणि चाळीत किंवा दाट वस्तीत तिच्यावर गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, परंतु दोन भिंतींतच क्षीण होते. अभ्यासाचा संगणक राऊटरच्या जवळ असेल तर दुसरी, दूर असेल तर पहिली निवडावी. २.४ मध्ये अडथळा वाटल्यास १, ६ आणि ११ या वाहिन्यांपैकी कमी गर्दीची घ्यावी. कारण याच तीन परस्परांवर चढत नाहीत. ऑनलाइन परीक्षा असेल त्या दिवशी मात्र सरळ तार जोडावी. तिच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही.

दोन किल्ल्या

येथे अनेकांची गल्लत होते. राऊटरला एक नव्हे, दोन पासवर्ड असतात. एक वाय-फायचा, जो पाहुण्याने मागितल्यावर आपण सांगतो. दुसरा राऊटरच्या कारभाराचा, ज्याने सर्व सेटिंग बदलता येतात. पहिली किल्ली दाराची, दुसरी तिजोरीची. बहुसंख्य घरांत पहिलीच ठाऊक असते.

दुसरी किल्ली हाती घेण्याची रीत अवघड नाही. वाय-फायला जोडलेल्या संगणकावर ब्राउझर उघडावा आणि पत्त्याच्या जागी राऊटरच्या मागील चिठ्ठीवर छापलेला पत्ता इंग्रजी अंकांत लिहावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. वापरकर्ता-नाम आणि पासवर्डही त्याच चिठ्ठीवर असतात. काही राऊटरांत दोन्ही ठिकाणी 'अॅडमिन' हाच शब्द असतो आणि तो जगजाहीर आहे. म्हणून आत गेल्यावर पहिले काम तो बदलण्याचे. कंपनीने ही सोय बंद ठेवली असेल, तर ग्राहक म्हणून विचारणा करावी.

दुसरे काम वाय-फायच्या सुरक्षेचे. तेथे 'डब्ल्यूपीए-३' असल्यास तो निवडावा. जुना मोबाईल जोडला जात नसेल, तर 'डब्ल्यूपीए-२'. 'डब्ल्यूईपी' ही १९९७ मधील पद्धत काही वर्षांतच फोडता येऊ लागली. तिचा वापर करू नये. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, पण तेवढ्यावर थांबू नये. परस्परांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहून मध्ये दोन आकडे घातले, की पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो. बाबासाहेबांचे जन्मसाल आणि धम्मदीक्षेचे साल आपल्या वस्तीत लहान मुलासही पाठ असते. म्हणूनच आदर कितीही असला, तरी ते आकडे पासवर्डात घालू नयेत.

तिसरे काम, 'डब्ल्यूपीएस' नावाची बटण दाबून जोडण्याची सोय बंद करणे; तिच्यातील आठ अंकी संकेत फोडता येतो. चौथे, राऊटरमधील आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करणे.

शेजाऱ्याला द्यावे की न द्यावे ?

पासवर्ड बदला म्हटले, की काही वाचक विचारतील, 'शेजारच्या मुलीला अर्ज भरायचा असेल तर तिला नाही म्हणावे काय ?' हा प्रश्न आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ज्ञानाचे पाणी अडविले गेल्याचे दुःख ज्या समाजाने भोगले, त्याने आपल्या दारातून कोणास विन्मुख पाठवू नये. परंतु याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. घराचा बाहेरील पत्ता एकच असल्यामुळे, आपल्या वाय-फायवरून कोणी गैरकृत्य केले तर पहिली चौकशी आपल्या दारी येते. शिवाय एकाच जाळ्यातील उपकरणे परस्परांस दिसू शकतात.

यावर उपाय राऊटरमध्येच आहे. त्यास 'गेस्ट नेटवर्क' म्हणतात. त्याला निराळे नाव आणि निराळा पासवर्ड देता येतो. त्यावरील व्यक्तीला इंटरनेट मिळते. घरातील संगणकापर्यंत मात्र ती पोहोचत नाही. अर्जाच्या हंगामात ते सुरू करावे, ओळखीच्या मुलांना पासवर्ड द्यावा आणि हंगाम संपल्यावर बदलावा. आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाईलवर येणारा ओटीपी यांची देवघेव अशा अर्जांत होत असल्याने ही काळजी शेजारच्या मुलीच्याही हिताची आहे.

सेवा बंद पडल्यास

तंत्रज्ञास बोलाविण्यापूर्वी क्रमाने चार गोष्टी पाहाव्यात. पेटीवरील 'एलओएस' दिवा तांबडा असेल, तर प्रकाशतंतू तुटला अथवा सैल झाला आहे. ते काम कंपनीचे. दिवे ठीक असतील, तर राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करावा. तरीही अडचण राहिली, तर संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. दोष घरातच, वाय-फाय अथवा तारेत आहे. पत्ता योग्य असून आणि इंटरनेट सुरू असूनही संकेतस्थळे नावाने उघडत नसतील, तर बहुधा नोंदवही, म्हणजे डीएनएस, बिघडली आहे, तेथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा सार्वजनिक पत्ता भरून पाहावा. एवढे सांगता आले, तरी तक्रार ऐकणाऱ्याला ती टाळता येत नाही.

भगवान बुद्धांनी कोणतीही गोष्ट केवळ कोणी सांगितली म्हणून न स्वीकारता स्वतः पारखून घेण्यास सांगितले. ती वृत्ती या लहान यंत्रालाही लागू पडते. आमची माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे, की पुढील सुटीत गावी गेल्यावर एक संध्याकाळ राऊटरसाठी काढावी, आई-वडिलांना आणि धाकट्या भावंडांना शेजारी बसवून ही सेटिंग दाखवावीत व दोन्ही पासवर्ड घरच्या वहीत त्यांच्याच हस्ताक्षरात लिहवून घ्यावेत. आपण शहरात नोकरीवर परतल्यानंतर अर्जाची शेवटची तारीख आली, तर घरात त्या वेळी जे असतील, त्यांना कोणाची वाट पाहावी लागू नये.