सांचो पांझाचा न्यायनिवाडा

पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर भाला रोखून धावणारा वेडा वीर म्हणून डॉन किहोते जगाला ठाऊक आहे. वस्तुतः हा प्रसंग पहिल्या भागाच्या आठव्याच प्रकरणात येतो व थोडक्यात आटोपतो. पुष्कळांचे वाचनही बहुधा तेथेच आटोपते. मिगेल द सेर्वांतेस या स्पॅनिश ग्रंथकाराने त्या हास्याचे पुढे काय केले, हे पाहावयाचे तर १६१५ साली निघालेल्या दुसऱ्या भागाकडे वळले पाहिजे.

पहिला भाग १६०५ मधला. शौर्यकथा वाचून वाचून डोके फिरलेला ला मांचा प्रांतातील एक उतारवयाचा गृहस्थ जुनाट चिलखत चढवून जगातील अन्याय निवारण्यास निघतो. बेटाचे राज्य मिळेल या आशेने सांचो पांझा हा शेतकरी गाढवावर बसून त्याच्यामागे जातो. दुसऱ्या भागात भेटणाऱ्या ड्यूक-डचेसने हा पहिला भाग चक्क वाचलेला आहे! आयती करमणूक दारी आली म्हणून ते दोघांची थट्टा आरंभतात आणि आपल्याच मुलुखातील एक गाव ‘बेट’ म्हणून सांचोच्या हवाली करितात.

थट्टा फसते ती येथेच. नव्या गव्हर्नरापुढे दोन म्हातारे येतात. एकाने दुसऱ्यास सोन्याची दहा नाणी उसनी दिलेली. दुसरा म्हणतो, ती केव्हाच परत केली. शपथ घेताना तो आपली काठी धनकोच्या हाती देतो व शपथ होताच परत घेतो. निरक्षर सांचो कपाळाला बोट लावून क्षणभर विचार करितो आणि ती काठी मोडावयास लावितो. आत दहा नाणी! शपथ शब्दशः खरी होती. लबाडी काठीत होती.

सेर्वांतेसला अधिकारपदाचे हे स्वप्न परके नव्हते. १५७१ च्या लेपांतोच्या लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला. पुढे पाच वर्षे तो अल्जीयर्सला कैदेत होता. १५९० साली त्याने राजाकडे अमेरिकेतील एखादी रिकामी जागा मागितली. अर्जात सोकोनुस्को प्रांताचे गव्हर्नरपदही होते. अर्ज फेटाळला गेला.

सांचोचे राज्य मात्र खोट्या हल्ल्याच्या एका रात्रीत संपते. दोन ढालींमध्ये बांधून त्याला तुडविले जाते. पहाटे तो तबेल्यात जाऊन गाढवाला मिठी मारितो व राजीनामा देतो. वाटखर्चाला काय हवे, असे विचारता तो गाढवासाठी थोडे जव आणि स्वतःसाठी अर्धे चीज व अर्धा पाव एवढेच मागतो.