दुरुस्तीनंतरचा ताळा



विहिरीवरची मोटर जळाली, ती दुकानात नेऊन रिवाइंडिंग करून आणली, म्हणजे आपण काय करतो? आमच्या भांडगावात, पुणे-सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, उसाला पाणी देणारा कोणताही शेतकरी बटण दाबल्यावर मोटर फिरली एवढ्यावर समाधान मानीत नाही. पाणी पाटात पडेपर्यंत तो थांबतो. धार पूर्वीइतकी आहे का, हे पाहतो. अर्ध्या तासाने मोटरीच्या अंगाला हात लावतो. बेअरिंगचा आवाज ऐकतो, अँपिअरचा काटा कुठे उभा आहे ते बघतो. मगच म्हणतो, ‘आता झालं काम.’

पण हाच शेतकरी, किंवा त्याचा माझ्यासारखा चार बुकं शिकलेला भाऊ, कार्यालयातला संगणक दुरुस्त होऊन आला की काय करतो? पडद्यावर उजेड दिसला रे दिसला की म्हणतो, ‘चालू झालं!’ आणि कागदावर सही करून मोकळा होतो. अशी सही मीही एकदा केली आहे. ती कशी अंगाशी आली आणि त्यातून मी काय शिकलो, हे आज सांगणार आहे.

मी शिकवतो अर्थशास्त्र. पण ज्या संस्थेत मी तेव्हा होतो, तिथे ‘सरांना संगणकातलं कळतं’ असा माझा लौकिक झाला आणि कार्यालयातला सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. सर्व्हर म्हणजे काय, तर गावची पाण्याची टाकी समजा. घरोघरचे नळ निराळे, पण पाणी एकाच टाकीतून येते. तसे कारकुनाच्या, ग्रंथपालाच्या, प्राचार्यांच्या टेबलांवरचे संगणक निराळे. पण हजेरी, गुण, फी या नोंदी एकाच यंत्रात साठतात आणि तिथून सगळीकडे जातात. ते यंत्र म्हणजे सर्व्हर. एक नळ बिघडला तर एका घराची अडचण होते. टाकीतच घाण पडली तर सारा गाव आजारी पडतो.

हा सर्व्हर एके दिवशी बंद पडला. कारागीर आला, त्याने मेमरीची पट्टी बदलली, यंत्र सुरू झाले. आम्ही चहा घेतला, मी सही केली. पुढे दोन आठवड्यांनी एक विद्यार्थिनी रडत आली. तिचे वडील गुऱ्हाळावर कामाला. शिष्यवृत्तीच्या यादीतून तिचे नाव गळले होते, कारण संगणक तिची हजेरी शेकडा १७ दाखवत होता. ‘सर, मी तर रोज येते हो!’ ती म्हणाली. कागदावरचे हजेरीपत्रक काढले. त्यावर शेकडा ८१ होते.

८१ चे १७ झाले कसे? कोणी लबाडी केली नव्हती. शिक्षक मित्रांनो, हे वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. संगणक अंक साठवतो तो १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशा दुपटीच्या घरांत. प्रत्येक घर भरलेले तरी असते किंवा रिकामे तरी. ८१ म्हणजे ६४, १६ आणि १. आता ६४ चे एकटे घर चुकून रिकामे झाले तर खाली काय उरते? १६ आणि १, म्हणजे १७! नवी पट्टीच सदोष निघाली होती. १६ जीबीच्या मेमरीत अशी सुमारे १३,७०० कोटी घरे असतात. त्यातली दोन-चार नादुरुस्त असली तरी यंत्र खुशाल सुरू होते, पडदा उजळतो, पत्रे छापली जातात. बिघाड ज्या नोंदीवर पडेल तीच तेवढी बिघडते, आणि तीही बिनबोभाट.

मी म्हटले, काळजी नको, आपण रोज रात्री नोंदींची नक्कल घेतो, म्हणजे बॅकअप ठेवतो. पण ती नक्कल रोज त्याच जुन्या नकलेवर लिहिली जात होती. दुरुस्तीच्या आधीची चांगली प्रत केव्हाच पुसली गेली होती. शेवटी कागदानेच आम्हाला तारले. आठ दिवस बसून सगळी हजेरी पुन्हा भरली. मुलीचे नाव यादीत गेले, पण मुदत संपायला एकच दिवस उरला होता.

आता जुन्या शाळामास्तरांची एक रीत आठवा. गुणाकार केला की ते म्हणत, ‘ताळा करून बघ.’ २३ गुणिले १४ बरोबर ३२२. २३ च्या अंकांची बेरीज ५, १४ च्या अंकांची ५. पाच पंचे पंचवीस, त्याची बेरीज ७. इकडे ३२२ ची बेरीजही ७. ताळा जमला. पण मुलाने ३२२ ऐवजी २३२ लिहिले तर? बेरीज तरीही ७ च. म्हणजे चुकीच्या उत्तराचाही ताळा जमतो! म्हणून शहाणा मास्तर एकाच ताळ्यावर विसंबत नसे. दुरुस्त झालेल्या सर्व्हरचेही असेच आहे. त्याचे ताळे पुष्कळ आणि निरनिराळे करावे लागतात.

पहिला ताळा दुरुस्तीच्या आधीचा. कारागीर पेचकस हाती घेण्यापूर्वी नोंदींची एक संपूर्ण नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क कपाटात कुलूप लावून ठेवावी आणि सगळी तपासणी संपेपर्यंत तिच्यावर काहीही लिहू नये. यंत्र सुरूच होत नसेल, तर निदान शेवटची चांगली नक्कल तरी अशी बाजूला काढावी. मेमरी किती, डिस्का किती, यंत्र एरवी किती तापते, हे वहीत टिपून ठेवावे. आधीचे माप नसेल, तर नंतरचे माप कशाशी ताडून पाहणार?

दुसरा ताळा साधा मोजदादीचा. यंत्र सुरू होताना स्वतःची झडती घेते आणि काय काय सापडले ते दाखवते. मेमरी ३२ जीबी बसवली आणि यंत्र १६ च सांगत असेल, तर एक पट्टी नीट बसलेली नाही. पंखे सगळे फिरतात का, तारीख आणि वेळ बरोबर आहे का, हेही पाहावे. आतला बटणासारखा सेल संपला असेल तर घड्याळ मागे जाते आणि आजच्या नोंदीवर जुनी तारीख पडते. मदरबोर्ड बदलला असेल तर आणखी एक गोष्ट संभवते. नेटवर्क कार्डाचा जन्मजात क्रमांक बदलतो, आणि बाकीच्या संगणकांना ओळखीच्या पत्त्यावर सर्व्हर सापडेनासा होतो.

तिसरा ताळा मेमरीचा. यासाठी मेमटेस्ट८६ सारखे कार्यक्रम आहेत. ते प्रत्येक घरात शून्य लिहून वाचतात, एक लिहून वाचतात, उलटसुलट नमुने भरून पुन्हा पाहतात. हे काम तासन्‌तास चालते. संध्याकाळी लावून द्यावे आणि सकाळी निकाल पाहावा. एकही चूक दिसली तर पट्टी परत द्यावी. ‘एवढ्या तेवढ्यानं काय होतंय’ असे कोणी म्हणाले, तर त्याला ८१ आणि १७ ची गोष्ट सांगावी. चांगल्या सर्व्हरच्या मेमरीत दर ६४ घरांमागे ८ राखणदार घरे जादा असतात. एक घर चुकले तर ती चूक दुरुस्त करतात, दोन चुकली तर ओरडून सांगतात. अशा दुरुस्त्यांची नोंद यंत्राच्या रोजनाम्यात होते. तो रोजनामा वाचावा. दुरुस्त्या रोज वाढत असतील तर पट्टी जायच्या बेतात आहे.

चौथा ताळा डिस्कचा. पुष्कळ सर्व्हरांत दोन डिस्का जोडीने एकच मजकूर साठवतात. एक बदलली की दुसरीवरून तिच्यात सारे उतरवले जाते, आणि त्याला कित्येक तास लागतात. ते पुरे होईपर्यंत दुरुस्ती पुरी झाली असे समजू नये. कारण त्याच वेळी जुनी डिस्क बसली तर दोन्हीकडून नुकसान.

पाचवा ताळा ओझ्याचा. रिकामी बैलगाडी पळाली म्हणून चाक धडके ठरत नाही. ऊस भरून चढ चढू द्या. सर्व्हरला निदान चार-सहा तास भरपूर काम देऊन त्याचे तापमान पाहावे. प्रोसेसरवरचे थंडाव्याचे पाते सैल बसले असेल, तर सकाळी सारे ठीक असते आणि एप्रिलच्या दुपारी यंत्र मान टाकते. यंत्राला दोन पॉवर सप्लाय असतील तर एकेक काढून पाहावा. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून यूपीएसची वीज मुद्दाम तोडून, तो सांगितलेला वेळ तग धरतो का हे बघावे. शेवटी यंत्र पूर्ण बंद करून, निवू देऊन, पुन्हा सुरू करावे. कोणाचा हात न लागता सगळी कामे आपोआप सुरू झाली पाहिजेत.

सहावा ताळा नोंदींचा, आणि हा सर्वांत महत्त्वाचा. संगणकातही मास्तरांच्या ताळ्यासारखीच, पण फार कडक युक्ती आहे. कितीही मोठी फाइल द्या, तिचा ६४ अक्षरी ताळा काढता येतो. फाइलमधले एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी तो ताळा पार बदलतो. दुरुस्तीपूर्वी काढलेले ताळे आणि नंतरचे ताळे जुळवून पाहावे. मग दुसऱ्या टेबलावरच्या संगणकावरून खरे काम करावे. पाच-दहा विद्यार्थ्यांची हजेरी छापून ती कागदाशी ताडावी. नकलेवरूनही एखादी फाइल परत काढून पाहावी. परत काढून न पाहिलेली नक्कल ही न उघडलेल्या बियाण्याच्या पोत्यासारखी असते. आत काय आहे ते पेरल्यावर कळते.

तुम्ही म्हणाल, हा सगळा खेड्यापाड्यांतल्या साध्या यंत्रांचा दोष असेल. तसे नाही. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीच्या अभियंत्यांनी आपला एक अनुभव निबंधरूपाने प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे काही फाइली नाहीशा होत होत्या. शोधता शोधता एक प्रोसेसर सापडला. १.१ या संख्येचा ५३ वा घात केला तर पूर्णांकात १५६ येतात. त्या प्रोसेसरचा एक भाग उत्तर देत होता शून्य! फाइलचा आकार शून्य आहे असे समजून यंत्र ती लिहीतच नसे. बाकीची पुष्कळ कामे तो प्रोसेसर नेटकी करीत होता.

मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? याचे उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्या सगळ्यांचे संदेश संगणकांत एकत्र येतात. तिथले शास्त्रज्ञ अनोळखी ताऱ्याकडे दुर्बीण वळवतात, पण त्याबरोबरच थ्री-सी ४८ यासारख्या, ज्याची तेजस्विता आधीच पक्की माहीत आहे अशा उगमाकडेही ती वळवून पाहतात. माहीत असलेले उत्तर यंत्राने बरोबर दिले, तर माहीत नसलेल्या उत्तरावर भरवसा ठेवता येतो. आमच्या सर्व्हरला मी एवढा एकच प्रश्न विचारायला हवा होता. दहा मुलांची हजेरी कागदावर होतीच.

तेव्हा मंडळी, तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, दूध केंद्रावर, सोसायटीत कुठेही असे यंत्र दुरुस्त होऊन आले, तर कारागिराला दोन दिवसांची मुदत मागा. तोही सज्जन असतो, त्याला वाईट वाटत नाही. वर सांगितलेले सहा ताळे वहीत मांडा, ज्याने जो ताळा केला त्याचे नाव आणि तारीख त्यापुढे लिहा. पुढे आठ-पंधरा दिवस रोजनामा पाहत राहा आणि तोवर कपाटातली नक्कल पुसू नका. शिक्षकांनी हे काम वरच्या वर्गातल्या मुलामुलींना सोबत घेऊन करावे. गणिताचा ताळा कशासाठी असतो ते त्यांना त्या दिवशी कळेल.

आणि सही? ती सगळ्यांत शेवटी करावी. ती मुलगी पुढे पदवीधर झाली. मागे एकदा चौफुल्याला भेटली तेव्हा हसत म्हणाली, ‘सर, आता हजेरी किती दाखवतोय?’ मी म्हटले, ‘बाई, आता आधी कागद बघतो आणि मग सही करतो.’