कचरा नेमका कुणाचा?

कचऱ्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘आम्ही कर भरतो, पुढचं महापालिकेनं बघावं’ हे एक. ‘लोकांनाच शिस्त नाही, तिथं सरकार काय करणार?’ हे दुसरं. दोन्हींत जबाबदारी कुणातरी एकाचीच, असं गृहीत धरलेलं असतं.

राज्यघटना तसं मानत नाही. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं पर्यावरणरक्षण राज्यसंस्थेवर सोपवलं (कलम ४८-क) आणि त्याच दुरुस्तीनं ते नागरिकांचं मूलभूत कर्तव्यही केलं (कलम ५१-क). पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. म्हणजे नागरिकाला कर्तव्य आहे तसा हक्कही आहे.

‘कचरा घरी वेगळा केला तरी गाडीत एकत्रच होतो, मग कशाला?’ असंही विचारलं जातं. काही ठिकाणी तसं होतं आणि त्याबद्दल महापालिकेला जाब विचारलाच पाहिजे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला घराला सांगितलं, तसं वेगवेगळं गोळा करायला स्थानिक संस्थेलाही सांगितलं. पण आमटी सांडलेला कागद कुठलाही भंगारवाला घेत नाही. घरात झालेली ही नासाडी पुढच्या कुठल्याही यंत्रणेला भरून काढता येत नाही.

‘लोक सुधारले की प्लास्टिकचा प्रश्न सुटेल’ हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो. शाम्पूची छोटी पुडी घ्या. प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात. तिला भंगारात भाव नाही, म्हणून कचरावेचक ती उचलत नाहीत. तुम्ही ती धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात टाकली तरी तिचं नशीब बदलत नाही. ते कारखान्यात, पुडी कशाची करायची हे ठरलं, तेव्हाच ठरलेलं असतं. म्हणूनच प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी तो परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यांच्याकडून ती पार पाडून घेणं सरकारचंच काम. ग्राहकाच्या हाती तो अधिकार नाही.

महाराष्ट्राची मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदी आठवते ती दंडामुळे. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये! भाजीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे धास्तावले. त्याच अधिसूचनेत दुधाची रिकामी पिशवी परत केल्यास ५० पैसे देण्याचीही तरतूद होती. आपल्यापैकी किती जणांना ते मिळाले? दंड रस्त्यावर पोचला, उत्पादकानं उभारायची परतीची व्यवस्था मात्र दारापर्यंत आली नाही. नियम करून सरकारचं काम संपतं, हा समजही इथंच खोटा ठरतो.

पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला २००८ पासून महापालिकेशी झालेल्या करारानुसार दारोदार कचरा गोळा करतात. वापरलेलं सॅनिटरी पॅड उघडंच टाकलं, तर ते त्यांच्या हाताला लागतं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर ओळखीसाठी लाल ठिपका काढायला घरात अर्धं मिनिट लागतं. पॅडसोबत ते गुंडाळायचं पाकीट देण्याची अपेक्षा २०१६ च्या नियमांनी कंपन्यांकडून ठेवली होती. पाकीटही नाही आणि ठिपकाही नाही, तेव्हा ती पुडी काय आहे हे त्या बाईला हातानं उघडूनच कळतं.