‘झोप नाही, तर निदान पडून तरी राहा’

गैरसमज: मन ताळ्यावर आलं की झोप आपोआप येईल.

चिंता किंवा उदासी घेऊन डॉक्टरकडे गेलेला माणूस झोपेचं जाता जाता सांगतो. मूळ दुखणं बरं झालं की तीही येईल, असं त्याने धरलेलं असतं. पूर्वी वैद्यकशास्त्रही निद्रानाशाला पुष्कळदा नैराश्याची सावली मानायचं. 2013 च्या ‘डीएसएम-5’ या निदानपुस्तिकेने तो विचार सोडला. आठवड्यातल्या किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने झोप बिघडलेली असली, तर सोबत नैराश्य असलं तरी निद्रानाशाचं वेगळं निदान होऊ शकतं. नैराश्य ओसरलं तरी अनेकांची झोप परतत नाही, आणि ती तशीच बिघडलेली राहिली तर नैराश्य पुन्हा उलटण्याचा धोका वाढतो.

झोपेवर इलाज केला तर मनालाही हात लागतो. 2017 मध्ये ब्रिटनच्या 26 विद्यापीठांतल्या, झोप हरवलेल्या 3,755 विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना झोपेसाठीची वर्तनचिकित्सा, म्हणजे सीबीटी-आय, ऑनलाइन दिली होती. त्यांची झोप सुधारली आणि चिंता, उदासीही उतरली.

गैरसमज: ऑनलाइन उपचार म्हणजे पडद्यावरून दिलेला धीर.

धीर मिळतोच, पण खरं काम झोपेच्या वहीत चालतं. अंथरुणावर कधी पडलात, अंदाजे कधी डोळा लागला, कितीदा जाग आली, कधी उठलात, हे रोज सकाळी लिहायचं. समजा, तुम्ही दहाला आडवे होता, सहाला उठता आणि झोपता जेमतेम पाच तास. उरलेले तीन तास अंथरूण ही काळजी करायची जागा होते. म्हणून थेरपिस्ट सांगतात, साडेबाराच्या आत अंथरुणाला पाठ टेकायची नाही, पण उठायचं सहालाच. पहिला आठवडा जड जातो. दिवसा पेंग येते, वैताग होतो. पण तुटक झोप हळूहळू एकसंध होते. अंथरुणातल्या वेळापैकी साधारण 85 टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की पंधरा मिनिटं वाढवून मिळतात.

आणि मध्यरात्री डोळे टक्क उघडे राहिले, तर उठायचं. एका खोलीच्या घरात ओट्याजवळची खुर्चीही पुरते. दिवा मंद, फोन लांब; पेंग आली की परत अंथरुणात. आपल्याकडे मायेने म्हणतात, ‘झोप नाही, तर निदान पडून तरी राहा.’ निद्रानाशात नेमकं तेच करायचं नसतं!

हे सगळं वही आणि संभाषणावर चालतं, म्हणून व्हिडिओवरून नीट जमतं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हाच उपचार सुचवला.

गैरसमज: मग अ‍ॅप घेऊन आपलं आपणच करावं.

बायपोलर आजारात झोप कमी केल्याने उन्माद उसळू शकतो. फिट येणाऱ्यांनी, रात्री वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. झोपेत घोरता घोरता श्वास अडत असेल, तर आधी त्याची तपासणी हवी. चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत.

आणि जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. ‘टेली मानस’ या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलतो. रात्री तीनलाही.